यंत्राचा घसारा आणि विल्हेवाट: लघुउद्योजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील मशीनशॉपची, तसेच इचलकरंजीतील यंत्रमाग कारखान्यांची हिशेबपुस्तके लिहिताना दर मार्चअखेरीस जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. समजण्यास सोपे जावे म्हणून सीएनसी लेथचे (संगणकाने नियंत्रित कातकाम यंत्राचे) एकच उदाहरण खरेदीपासून विक्रीपर्यंत नेले आहे. त्यातील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. नियम आणि दर मात्र आर्थिक वर्ष २०२५-२६ ला लागू असलेले आहेत.

घसारा म्हणजे यंत्राचा बाजारभाव उतरणे का?

नाही. यंत्र ज्या वर्षांत काम देणार आहे त्या वर्षांच्या उत्पन्नावर त्या यंत्राची किंमत वाटून टाकणे म्हणजे घसारा. बाजारात जुन्या लेथला अचानक मागणी आली आणि भाव वाढला, तरी त्या वर्षीचा घसारा थांबत नाही, कारण यंत्र झिजलेले असते आणि त्याच्या आयुष्यातील एक वर्ष संपलेले असते. दुसरा एक गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. घसारा लावला म्हणजे नवीन यंत्रासाठी पैसे बाजूला पडले, असे होत नाही. घसारा ही केवळ पुस्तकी नोंद आहे; पैसे साठवायचे असतील तर ते वेगळ्या ठेवीत प्रत्यक्ष ठेवावे लागतात.

यंत्राची किंमत धरताना काय काय मिळवायचे?

यंत्र जागेवर बसून काम करण्यायोग्य होईपर्यंत झालेला आवश्यक खर्च किमतीत येतो. आपल्या उदाहरणात लेथचे बिल जीएसटी सोडून ११,४०,००० रुपयांचे आहे आणि वाहतूक, क्रेन, फाउंडेशन व उभारणी यांचा खर्च ६०,००० रुपये झाला आहे, म्हणून पुस्तकांतील किंमत १२,००,००० रुपये होते. हे ६०,००० रुपये ‘वाहतूक खर्च’ किंवा ‘किरकोळ खर्च’ या खात्यांना टाकण्याची सवय बरीच दिसते. त्यामुळे पहिल्या वर्षाचा नफा विनाकारण कमी दिसतो आणि पुढची सर्व वर्षे यंत्राची किंमत चुकीची राहते.

जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची विक्रीवरील करातून वजावट, घेतले असेल तर कराची ती रक्कम किमतीत मिळवता येत नाही. एकाच रकमेवर क्रेडिट आणि घसारा असे दोन्ही लाभ मिळत नाहीत. शासनाचे भांडवली अनुदान मिळाले असेल, उदाहरणार्थ वस्त्रोद्योगातील तंत्रज्ञान अद्ययावतीकरण योजनेतून रॅपियर मागांसाठी, तर आयकराचा घसारा काढताना ते यंत्राच्या किमतीतून वजा करावे लागते. रोखीने केलेल्या खरेदीबाबत विशेष सावध राहावे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोख दिली, तर तेवढी रक्कम आयकरात यंत्राच्या किमतीत धरली जात नाही, आणि त्या भागावर पुढे कधीच घसारा मिळत नाही. जुने वेल्डिंग मशीन किंवा ड्रिल रोखीने घेणाऱ्यांचे येथे कायमचे नुकसान होते.

घसारा कोणत्या तारखेपासून सुरू होतो?

हिशेबपुस्तकांत यंत्र वापरासाठी तयार झाल्याच्या दिवसापासून. बिलाची तारीख किंवा गाडी फाटकात आल्याची तारीख येथे उपयोगाची नाही. आपल्या लेथचे बिल ६ सप्टेंबर २०२१ चे आहे, मात्र फाउंडेशन सुकून, लेव्हलिंग होऊन आणि चाचणीचा पहिला जॉब निघून ती १ ऑक्टोबर २०२१ रोजी तयार झाली. म्हणून त्या वर्षी सहा महिन्यांचाच घसारा लागेल. उभारणी करणाऱ्या अभियंत्याचा सही असलेला अहवाल फाइलला लावून ठेवावा. तारखेचा तो उत्तम पुरावा असतो.

यंत्र मध्येच काही महिने बंद राहिले तरी पुस्तकांतील घसारा थांबवता येत नाही. घसारा उत्पादनाच्या नगांवर आधारलेला असेल तरच बंद काळात तो शून्य होऊ शकतो.

आयुष्य आणि दर कोण ठरवते?

कंपनी असेल तर कंपनी अधिनियम २०१३ ची दुसरी अनुसूची पाहावी लागते. तिच्यात दर दिलेले नाहीत, मालमत्तेचे उपयुक्त आयुष्य दिलेले आहे: सर्वसाधारण यंत्रसामग्री १५ वर्षे, फर्निचर आणि विद्युत जोडणी १० वर्षे, मोटारगाडी ८ वर्षे, कार्यालयीन उपकरणे ५ वर्षे, संगणक ३ वर्षे, सर्व्हर ६ वर्षे. अवशिष्ट मूल्य, म्हणजे आयुष्य संपल्यावर यंत्राचे जे काही येईल असा अंदाज असतो ते, सामान्यतः मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरू नये. तांत्रिक कारण देऊन वेगळे आयुष्य धरता येते, पण ते कारण आर्थिक विवरणपत्रांत उघड करावे लागते.

पाळ्यांचा नियम फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांनी नीट वाचावा. यंत्र दोन पाळ्यांत चालले असेल तर तेवढ्या काळापुरता घसारा ५० टक्क्यांनी वाढतो आणि तीन पाळ्यांत चालले असेल तर दुप्पट होतो. अनुसूचीने ज्या मालमत्ता या नियमातून वगळल्या आहेत त्यांना ही वाढ लागत नाही. तीन पाळ्यांत राबवलेल्या लेथला एकाच पाळीचा घसारा लावणे म्हणजे पुढच्या वर्षांचा भार लपवणे होय. हजेरीपत्रकावरून पाळ्यांचे दिवस काढणे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते दरवर्षी व्हायलाच हवे.

मालकी व्यवसाय आणि भागीदारी संस्था यांना ही अनुसूची बंधनकारक नाही. त्यांपैकी बरेच जण पुस्तकांतही आयकराचेच दर लावतात. काम त्यामुळे सोपे होते हे खरे, तरी ज्या यंत्राचे खरे आयुष्य सहाच वर्षे आहे त्याला १५ टक्के दराने घसारा लावत राहिल्यास ताळेबंदात यंत्राची किंमत वर्षानुवर्षे फुगलेली दिसते.

स्थिर हप्ता पद्धत बरी की घटत्या शिल्लकीची?

स्थिर हप्ता पद्धतीत किमतीतून अवशिष्ट मूल्य वजा करून उरलेली रक्कम आयुष्याच्या वर्षांनी भागतात. आपल्या लेथचे अवशिष्ट मूल्य ६०,००० रुपये धरल्यास ११,४०,००० भागिले १५, म्हणजे दर वर्षी ७६,००० रुपये घसारा येतो. घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत दर वर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के लागतात. १५ वर्षांचे आयुष्य आणि ५ टक्के अवशिष्ट मूल्य धरल्यास हा दर १८.१० टक्के येतो. पहिल्या पूर्ण वर्षाचा घसारा त्यामुळे २,१७,२०० रुपये होतो आणि नंतर तो कमी कमी होत जातो.

माझे मत असे की ज्या यंत्राचा दुरुस्तीखर्च वयाबरोबर वाढत जातो, त्याला घटत्या शिल्लकीची पद्धत अधिक न्याय देते. सुरुवातीला घसारा जास्त आणि दुरुस्ती कमी, पुढे घसारा कमी आणि दुरुस्ती जास्त, अशी वर्षांची बेरीज बऱ्यापैकी समतोल राहते. फर्निचर, मांडण्या, पत्र्याची कपाटे यांना स्थिर हप्ता पुरेसा आहे. पद्धत पुढे बदलता येते. सुधारित लेखामानक १० नुसार असा बदल हा अंदाजातील बदल समजला जातो आणि त्याचा परिणाम पुढील वर्षांवरच होतो. मात्र नफा दाखवायचा म्हणून एका वर्षी ही आणि दुसऱ्या वर्षी ती, असे करता येत नाही.

आयकराचा घसारा वेगळा का काढावा लागतो?

कारण आयकर एकेका यंत्राकडे पाहत नाही. समान प्रकारच्या आणि समान दराच्या सर्व मालमत्तांचा मिळून एक ब्लॉक होतो आणि घसारा त्या ब्लॉकच्या शिल्लक किमतीवर मिळतो. सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के, संगणकाचा ४० टक्के आणि फर्निचरचा १० टक्के आहे. ब्लॉकमध्ये शिरल्यावर यंत्राची स्वतंत्र ओळख संपते, आणि विक्रीच्या वेळी होणारा बहुतेक गोंधळ येथूनच निघतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाल्याने १९६१ च्या कायद्यातील घसाऱ्याच्या कलम ३२ सारखे ओळखीचे क्रमांक बदलले आहेत, तरी ब्लॉकची कल्पना कायम आहे.

१८० दिवसांची अट नेमकी काय आहे?

ज्या वर्षी यंत्र घेतले त्या वर्षी ते १८० पेक्षा कमी दिवस वापरात असेल, तर आयकरात त्या वर्षी निम्म्याच दराने घसारा मिळतो. साध्या वर्षी ३ ऑक्टोबरपर्यंत यंत्र वापरात आले तर ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरतात. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर ४ ऑक्टोबर चालतो. आपली लेथ १ ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे १८२ दिवस भरले आणि पूर्ण १५ टक्के मिळाले. पुस्तकांत सहा महिने आणि करात पूर्ण वर्ष असा फरक पडला तर तो चूक समजू नये. दसऱ्याला यंत्राची पूजा करून ते सुरू करण्याची आपली पद्धत आहे. ज्या वर्षी दसरा या तारखेच्या पुढे जातो त्या वर्षी चालू करण्याचा दिवस आधीच ठरवलेला बरा.

बँकेला नफा दाखवायचा आहे. या वर्षी घसारा लावला नाही तर चालेल का?

चालणार नाही. आयकर कायद्यानुसार आपण मागणी केली नाही तरी घसारा दिला गेला असे धरूनच पुढच्या वर्षीची शिल्लक काढली जाते; म्हणजे त्या वर्षीची वजावट जाते आणि ब्लॉकही कमी होतो. पुस्तकांत घसारा टाळला तर नफा खोटा ठरतो. शिवाय कर्ज देणारा अधिकारी परतफेडीची क्षमता पाहताना निव्वळ नफ्यात घसारा मिळवूनच हिशेब करतो, त्यामुळे घसारा लपवून हाती काहीच लागत नाही.

यंत्र विकल्यावर पुस्तकांत नोंदी कशा कराव्यात?

आपली लेथ ३१ डिसेंबर २०२५ रोजी ७,५०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घेऊन विकली, आणि ती उखडून गाडीत चढवण्यास व दलालीस १५,००० रुपये खर्च आला, असे समजू.

प्रथम विक्रीच्या दिवसापर्यंतचा घसारा लावावा; येथे पुस्तकांत स्थिर हप्ता पद्धत धरली आहे. २०२१-२२ मध्ये ३८,०००, त्यानंतरची तीन वर्षे प्रत्येकी ७६,००० आणि चालू वर्षाच्या नऊ महिन्यांचे ५७,०००, असा एकूण संचित घसारा ३,२३,००० रुपये होतो. पुस्तकी किंमत म्हणून ८,७७,००० रुपये उरते.

त्यानंतर ‘यंत्र विक्री खाते’ उघडावे. त्या खात्याच्या नावे बाजूस यंत्राची मूळ किंमत १२,००,००० आणि विक्रीखर्च १५,००० येतो. जमा बाजूस संचित घसारा ३,२३,००० आणि विक्रीची किंमत ७,५०,००० येते. बँकेत प्रत्यक्षात ८,८५,००० रुपये जमा होतात, पैकी १,३५,००० रुपये हा शासनाला भरावयाचा जीएसटी आहे, तो या खात्यात आणू नये. नावे बाजूची बेरीज १२,१५,०००, जमा बाजूची १०,७३,०००. फरक १,४२,००० रुपयांचा तोटा, तो नफा-तोटा खात्यास न्यावा.

नेहमी होणारी चूक म्हणजे ७,५०,००० रुपये सरळ ‘विक्री’ खात्यात टाकणे. त्याने उलाढाल फुगते, यंत्र ताळेबंदात तसेच राहते आणि नसलेल्या यंत्रावर पुढे घसारा लागत राहतो.

पुस्तकांत तोटा झाला, तर करातही तोटा मिळेल ना?

नाही, आणि बहुतेकांना धक्का येथेच बसतो. आयकरात विक्रीची किंमत ब्लॉकमधून वजा होते. ब्लॉकमध्ये इतर यंत्रे आहेत आणि वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक २०,००,००० रुपये होती असे धरू. ७,५०,००० वजा जाता १२,५०,००० उरतात आणि त्यावर १५ टक्के म्हणजे १,८७,५०० रुपये घसारा मिळतो. या विक्रीचा स्वतंत्र नफा नाही आणि तोटाही नाही. म्हणून करपात्र उत्पन्न काढताना पुस्तकांतील १,४२,००० रुपयांचा तोटा आणि पुस्तकांतील सर्व घसारा नफ्यात परत मिळवावा लागतो आणि त्यांच्या जागी आयकराचा घसारा वजा करावा लागतो.

आता ही लेथ ब्लॉकमधले एकमेव यंत्र होते असे समजा. अतिरिक्त घसारा (नवीन यंत्रावर करात मिळू शकणारा जादा घसारा) घेतला नसेल तर १२,००,००० रुपयांवर चार वर्षे १५ टक्के लावून १ एप्रिल २०२५ ची शिल्लक ६,२६,४०७ रुपये येते. विक्रीची रक्कम ७,५०,०००, खर्च १५,०००. म्हणजे १,०८,५९३ रुपयांचा अल्पकालीन भांडवली नफा होतो. तेच यंत्र, तीच विक्री, पुस्तकांत १,४२,००० चा तोटा आणि करात लाखाच्या वर नफा. करात घसारा वेगाने मिळाला होता, त्यातला जास्तीचा भाग विक्रीच्या वेळी परत आला, इतकाच याचा अर्थ. त्याच आर्थिक वर्षात त्याच ब्लॉकमध्ये पुरेशा किमतीचे दुसरे यंत्र घेतले, तर हा नफा उभा राहत नाही. म्हणून शेवटचे यंत्र विकण्यापूर्वी, मार्च उजाडण्याची वाट न पाहता, आपल्या सीएंना विचारावे.

जुन्या यंत्राच्या विक्रीवर जीएसटी किती?

खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट घेतले असेल तर दोन रकमा काढून जी मोठी असेल ती भरावी लागते. पहिली रक्कम म्हणजे विक्रीच्या किमतीवरील कर, आपल्या उदाहरणात १,३५,००० रुपये. दुसरी म्हणजे घेतलेल्या क्रेडिटमधून बिलाच्या तारखेपासून प्रत्येक तिमाहीला, अपुरी तिमाहीही धरून, ५ टक्के कमी करून उरलेली रक्कम. घेतलेले क्रेडिट २,०५,२०० रुपयांचे होते. १८ तिमाही झाल्या, म्हणजे ९० टक्के कमी होऊन २०,५२० रुपये उरतात. मोठी रक्कम १,३५,००० आहे, तीच भरावयाची. यंत्र दोनतीन वर्षांतच पडेल किमतीला विकले तर मात्र दुसरी रक्कम मोठी ठरू शकते.

जुने देऊन नवे घेतले तर?

नवीन कॉम्प्रेसर ४,००,००० रुपयांचा, जुन्याचे ६०,००० रुपये धरले आणि ३,४०,००० दिले, असा व्यवहार झाला की पुष्कळ ठिकाणी नवा कॉम्प्रेसर ३,४०,००० ला नोंदवला जातो आणि जुना तसाच राहतो. हे दोन व्यवहार आहेत. जुना ६०,००० ला विकला, त्याचे स्वतंत्र बिल करावे व त्याचे खाते बंद करावे. नवा ४,००,००० ला घेतला, तो पूर्ण किमतीने नोंदवावा.

पुरात यंत्र बुडाले तर काय करावे?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शेडमध्ये शिरल्यावर हा प्रश्न या भागात घरोघरी आला. यंत्र दुरुस्त होऊन पूर्वीसारखे चालू लागले, तर मोटर रिवाइंडिंग, बेअरिंग, वायरिंग यांचा खर्च दुरुस्तीत जातो; तो यंत्राच्या किमतीत मिळवू नये, कारण यंत्राची क्षमता पूर्वीपेक्षा वाढलेली नाही. यंत्र निकामी झाले तर त्याची पुस्तकी किंमत त्याच वर्षी काढून टाकावी. विम्याची रक्कम मिळण्याचा हक्क निश्चित झाल्यावर ती वेगळी नोंदवावी. तोटा आणि विमा यांची आपसात वजावट करून एकच आकडा दाखवू नये. आयकराच्या ब्लॉकमधून विम्याची आणि भंगाराची आलेली रक्कम वजा होते. नष्ट झालेल्या वस्तूंवरील इनपुट क्रेडिट परत करण्याचा प्रश्न जीएसटीत उभा राहतो, तोही विम्याचा दावा अंतिम होण्यापूर्वी तपासावा. पंचनामा, छायाचित्रे आणि यंत्राच्या क्रमांकाची पट्टी या तीन गोष्टी सर्वांत आधी जपाव्यात.

यंत्राचा पूर्ण घसारा झाला, पण ते अजून चालते. त्याचे काय?

पुस्तकांत ते अवशिष्ट मूल्यावर तसेच ठेवावे. त्यावर आणखी घसारा नाही, आणि किंमत वाढवून पुन्हा घसारा सुरू करणेही नाही.

नोंदवहीत यंत्र आहे, शेडमध्ये नाही. आता काय?

काही वर्षांपूर्वी एका मशीनशॉपमध्ये मार्चअखेरची मोजणी करताना नोंदवहीत अकरा यंत्रे होती आणि शेडमध्ये नऊ भरली. एक सरफेस ग्राइंडर जॉबवर्क करणाऱ्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सापडले. दुसऱ्या यंत्राच्या जागी फरशीत चार फाउंडेशन बोल्ट आणि तेलाचा काळा चौकोन एवढेच होते. पॉवर हॅक्सॉ सहा वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. टेबलाच्या खणात वजनकाट्याची ३१० किलोची पावती मिळाली. पैसे त्या वेळी ‘किरकोळ उत्पन्न’ म्हणून जमा केले होते, आणि सहा वर्षे त्या नसलेल्या यंत्रावर घसारा लागत होता.

अशी चूक सापडली की ती गुपचूप चालू वर्षाच्या घसाऱ्यात मिसळू नये. मागील वर्षांची चूक म्हणून ती नफा-तोटा पत्रकात वेगळी दाखवावी, यंत्राची मूळ किंमत आणि त्याचा संचित घसारा दोन्ही काढून टाकावेत, आणि आयकराच्या ब्लॉकवर झालेला परिणाम सीएंकडून तपासून घ्यावा.

त्या मशीनशॉपमध्ये नंतर प्रत्येक यंत्रावर ऑइल पेंटने क्रमांक घातला, तोच क्रमांक नोंदवहीत खरेदीची तारीख, बिल क्रमांक आणि किंमत यांच्यापुढे लिहिला, आणि ज्या गेटपासवर यंत्राचा क्रमांक व मालकाची सही नाही त्यावर कोणतेही यंत्र फाटकाबाहेर सोडायचे नाही, असे रखवालदाराला सांगितले. त्या गेटपासची दुसरी प्रत त्याच दिवशी हिशेबाच्या टेबलावर येते.